गणितसारसंग्रहकार महावीराचार्य : उत्तराकडून मुळाकडे

जैन आचार्यांनी भारतीय ज्ञानपरंपरेला दिलेले योगदान केवळ तत्त्वज्ञान आणि आचारधर्म यांपुरते मर्यादित नाही. व्याकरण, काव्य, आयुर्वेद, ज्योतिष आणि गणित अशा अनेक शास्त्रांत त्यांनी मोलाची भर घातली. या आचार्यांच्या मालिकेत इसवी सनाच्या नवव्या शतकात होऊन गेलेले गणितज्ञ महावीराचार्य यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ८५०च्या सुमारास रचला गेला. आज साडेअकराशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी जगभरातील गणिताच्या इतिहासकारांना या ग्रंथाची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

नावाच्या साम्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो, म्हणून प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. चोविसावे तीर्थंकर भगवान महावीर आणि हे महावीराचार्य यांच्यामध्ये तेराशे वर्षांहून अधिक अंतर आहे. महावीराचार्य हे दिगंबर परंपरेतील विद्वान होते. आपल्या ग्रंथाच्या मंगलाचरणात त्यांनी प्रथम वंदन केले आहे ते भगवान महावीरांनाच. आपण ज्यांचे नाव धारण करतो त्यांच्या चरणी आपले गणित ठेवून त्यांनी ग्रंथाला आरंभ केला.

राजाश्रय आणि काळ

महावीराचार्यांचा काळ हा दक्षिणेतील राष्ट्रकूट सत्तेच्या वैभवाचा काळ होय. आजच्या महाराष्ट्राचा व कर्नाटकाचा फार मोठा भाग या साम्राज्यात मोडत होता. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरपुराचे अधिपती म्हणवीत, आणि हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर असे मानले जाते. वेरूळचे कैलास लेणे याच घराण्याच्या राजवटीत कोरले गेले. तेथील जैन लेणीही बहुतांशी नवव्या-दहाव्या शतकातील आहेत.

या घराण्यातील सम्राट अमोघवर्ष नृपतुंग इ. स. ८१४ मध्ये कोवळ्या वयात गादीवर आला आणि त्याने सुमारे चौसष्ट वर्षे राज्य केले. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. इ. स. ८५१च्या अरबी प्रवासवृत्तांतात या राजाची गणना जगातील चार थोर राजांमध्ये केलेली आढळते. परंतु अमोघवर्षाची खरी कीर्ती विद्येच्या आश्रयदात्याची आहे. आदिपुराणाचे कर्ते जिनसेनाचार्य हे त्याचे गुरू. याच राजवटीत इ. स. ८३७ मध्ये जिनसेनाचार्यांनी ‘जयधवला’ ही महान टीका पूर्ण केली. शाकटायनाचे व्याकरण आणि उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथही याच काळातील. कन्नड भाषेतील ‘कविराजमार्ग’ हा आद्य उपलब्ध ग्रंथ तर खुद्द नृपतुंगाच्या नावाशी जोडलेला आहे.

महावीराचार्यांनी ग्रंथाच्या आरंभी या राजाच्या गुणांचे व त्याच्या राज्यातील सुखसमृद्धीचे वर्णन मुक्तकंठाने केले आहे. मात्र स्वतःविषयी त्यांनी मौनच पाळले. आपले गाव, आपले मातापिता, आपली कीर्ती यांसाठी त्यांनी जागा ठेवली नाही. हजाराहून अधिक श्लोक लिहिणाऱ्या या ग्रंथकाराने स्वतःकडे घेतली ती भूमिका केवळ संग्राहकाची. समुद्रातून रत्ने, पाषाणातून सोने आणि शिंपल्यातून मोती काढावेत त्याप्रमाणे पूर्वसूरींच्या ज्ञानसागरातून आपण हे सार वेचले, असा त्यांचा भाव आहे. म्हणूनच ग्रंथाचे नाव ‘सारसंग्रह’. अशा पुरुषाचे चरित्र त्याच्या कार्यातूनच वाचावे लागते.

गणित का शिकावे

जैन आगमपरंपरेत गणिताला आरंभापासून मानाचे स्थान आहे. स्थानांगसूत्रात गणिताचे दहा विषय सांगितले आहेत. चार अनुयोगांपैकी करणानुयोग तर लोकरचनेची मापे आणि गणना यांवरच उभा आहे. एक लक्ष योजने व्यासाचा जंबुद्वीप, त्यातील ५२६ पूर्णांक ६/१९ योजने विस्ताराचे भरतक्षेत्र, पर्वतांच्या व नद्यांच्या लांबीरुंदी, द्वीपसमुद्रांची वलये हे सारे समजून घ्यायचे तर गणिताविना गत्यंतर नाही.

महावीराचार्यांनी हा धागा पुढे नेला. ग्रंथारंभीच्या गणितस्तुतीत त्यांनी लौकिक, वैदिक आणि धार्मिक अशा सर्व व्यवहारांत गणिताचा उपयोग सांगितला आहे. अर्थशास्त्र, संगीत, नाट्य, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या, छंद, काव्य, तर्क, व्याकरण अशी मोठी यादीच त्यांनी दिली आहे. सूर्यादी ग्रहांची गती, ग्रहणे, द्वीप-समुद्र-पर्वतांची मापे, देवलोक व नरकलोक यांचे विस्तार यांचाही त्यांनी उल्लेख केला आहे. त्रैलोक्यात जे काही चर आणि अचर आहे ते गणिताला सोडून नाही, अशी त्यांची धारणा होती. देवपूजेची वेळ असो की दुकानाची चोपडी असो, गणिताला त्यांनी कोठेही कमीपणा दिला नाही.

ग्रंथाची रचना

गणितसारसंग्रहात संज्ञाधिकार, परिकर्म, कलासवर्ण, प्रकीर्णक, त्रैराशिक, मिश्रक, क्षेत्रगणित, खात आणि छाया अशी नऊ प्रकरणे आहेत. परिकर्म म्हणजे मूलभूत क्रिया आणि कलासवर्ण म्हणजे अपूर्णांक. मिश्रकात व्याज व भागीदारीसारखे व्यवहारी हिशेब येतात, खातात खोदकामाचे व ढिगांचे, तर छायेत सावलीवरून उंची व वेळ काढण्याचे. त्या काळी गणित हे बहुधा ज्योतिषग्रंथातील एखाद्या अध्यायात येई. महावीराचार्यांनी ज्योतिष बाजूला ठेवून केवळ गणितासाठी स्वतंत्र, पद्धतशीर पाठ्यग्रंथ रचला, ही त्यांची मोठी कामगिरी होय.

त्यांनी एकापासून महाक्षोभापर्यंत चोवीस दशमान स्थानांची नावे दिली. अनेक वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील याचा सर्वसाधारण नियम सांगितला आणि त्यासाठी उदाहरणे घेतली ती सहा रसांची व रत्नहारांची. विद्यार्थ्यांची गोडी वाढावी म्हणून उत्तरात अंकांची माळ गुंफली जाईल असे गुणाकारही दिले. २,७९,९४,६८१ या संख्येला ४४१ने गुणिले असता १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही अंकमाला पाहून आजचा विद्यार्थीही हरखून जातो.

या विस्तृत ग्रंथातील एकच विषय येथे थोडा सविस्तर पाहू. तो विषय म्हणजे वर्गयुक्त क्रियेची उलट वाट, अर्थात उत्तर हाती असताना मूळ संख्या शोधणे. महावीराचार्यांच्या बुद्धीचा आणि स्वभावाचाही ठसा या विषयात उत्तम प्रकारे उमटलेला आहे.

सुलट वाट आणि उलट वाट

बारा हात बाजू असलेल्या चौरस चांदव्याला किती चौरस हात कापड लागेल, हा प्रश्न सोपा आहे. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. ही झाली सुलट वाट. एकशे चव्वेचाळीस चौरस हात कापड दिले आणि चांदव्याची बाजू विचारली, तर उलट वाटेने जावे लागते. येथे वर्गाच्या जागी वर्गमूळ येते. उत्तरापासून मागे जाताना बेरजेच्या ठिकाणी वजाबाकी, गुणाकाराच्या ठिकाणी भागाकार आणि वर्गाच्या ठिकाणी वर्गमूळ करावे, ही व्यस्त विधीची रीत इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने सांगितली होती आणि पुढील ग्रंथकारांप्रमाणे महावीराचार्यांनीही ती दिली आहे.

परंतु ही रीत सरळ साखळीसारख्या हिशेबापुरती पुरते. एखाद्या संख्येचा वर्ग आणि ती संख्या स्वतः अशी दोन्ही एकाच हिशेबात मिसळली की साखळीला दोन फाटे फुटतात आणि नुसते मागे फिरून चालत नाही. अशा ठिकाणी वर्ग पूर्ण करून मगच मूळ काढावे लागते. प्रकीर्णक व्यवहारात महावीराचार्यांनी अशा कूटप्रश्नांसह एकूण दहा जाती पाडल्या आणि प्रत्येक जातीला नियम व उदाहरणे दिली.

त्यातील ‘मूल’ जातीचे उंटांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एका कळपातील चौथा हिस्सा उंट वनात दिसले, कळपाच्या वर्गमुळाच्या दुप्पट उंट डोंगराच्या उतारावर गेले आणि तिनापाचा पंधरा उंट नदीकाठी राहिले. तर एकूण उंट किती? आचार्यांच्या नियमानुसार चौथा हिस्सा वजा जाता कळपाचा पाऊण भाग उरतो. वर्गमुळाचा गुणक दोन आणि दृश्य संख्या पंधरा या दोहोंना पाऊणने भागावे. अनुक्रमे ८/३ आणि २० मिळतात. ८/३चे निम्मे ४/३, त्याचा वर्ग १६/९. तो वीसमध्ये मिळवला की १९६/९ होतात आणि त्याचे वर्गमूळ १४/३ येते. त्यात ४/३ मिळवले की सहा. सहाचा वर्ग छत्तीस, म्हणून कळपात छत्तीस उंट होते. पडताळा पाहा : वनात नऊ, डोंगरावर बारा आणि नदीकाठी पंधरा.

या हिशेबात १४/३ हे वर्गमूळ ऋण धरले तर दुसरीही संख्या निघते. ती आहे अकरा पूर्णांक एक नवमांश. पण नवमांश उंट कोणी पाहिला आहे? या जातीच्या नियमात आचार्यांनी केवळ मिळवण्याची क्रिया ठेवली आणि एकच उत्तर घेतले. प्रश्न जिवंत प्राण्यांचा आहे, याचे भान नियमातच बांधलेले आहे.

जेथे दोन्ही उत्तरे खरी ठरतात

काही प्रश्नांत मात्र एक उत्तर टाकून देणे योग्य नसते. एखाद्या समूहाचा एक अंश आणि त्याच समूहाचा दुसरा अंश यांचा गुणाकार करून तितकी संख्या वजा केली आणि उरलेली संख्या सांगितली, अशा प्रश्नांची एक स्वतंत्र जाती आचार्यांनी मानली. तिच्या नियमात त्यांनी वर्गमूळ मिळवावे आणि वजाही करावे असे स्पष्ट सांगितले, म्हणजेच दोन्ही उत्तरे दिली.

हे ध्यानात येण्यासाठी एक सोपे उदाहरण रचून पाहू. एका कळपातील चौथ्या हिश्श्याला आठव्या हिश्श्याने गुणिले असता जी संख्या येते तितक्या गाई कुरणात गेल्या आणि सहा गोठ्यात राहिल्या. गाई किती? अंशांच्या छेदांचा गुणाकार बत्तीस. बत्तीसचा वर्ग १०२४. त्यातून बत्तीस, सहा आणि चार यांचा गुणाकार ७६८ वजा करावा. बाकी २५६, तिचे वर्गमूळ सोळा. बत्तीसमध्ये सोळा मिळवून निम्मे केले की चोवीस, आणि बत्तीसमधून सोळा वजा करून निम्मे केले की आठ. चोवीस गाई असतील तर सहा गुणिले तीन अशा अठरा कुरणात जातात व सहा उरतात. आठ गाई असतील तर दोन गुणिले एक अशा दोन जातात आणि तरीही सहाच उरतात. दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत.

आता याच उदाहरणात गोठ्यात आठ गाई राहिल्या असे म्हणावे. तेव्हा वजाबाकी शून्य येते, दोन्ही उत्तरे एकत्र होतात आणि कळप सोळाचाच ठरतो. नऊ राहिल्या म्हटले तर १०२४ मधून ११५२ वजा करावे लागतात आणि बाकी ऋण येते. असा कळप असूच शकत नाही. संख्या वाढत गेली तशी बाकी आधी वाढते, सोळापाशी तिचा कळस होतो आणि मग ती उतरते. म्हणून कळसाच्या खालच्या प्रत्येक बाकीला दोन मुळे, कळसाला एक आणि कळसाच्या वर एकही नाही. आजच्या शाळेतील बीजगणितात वर्गफलनाचे व्यस्त फलन काढताना आधी चढती बाजू की उतरती बाजू हे ठरवावे लागते, ते याच कारणासाठी.

जंबुद्वीपाच्या गणितात हीच गोष्ट फार पूर्वीपासून होती. वर्तुळातील ज्या आणि तिचा बाण यांचा संबंध उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या भाष्यात आला आहे. व्यासातून बाण वजा करून उरलेल्यास बाणाच्या चौपटीने गुणावे आणि मूळ काढावे, म्हणजे ज्या मिळते. व्यास दहा आणि बाण दोन असेल तर ज्या आठ येते. उलट जाताना व्यासाच्या वर्गातून ज्येचा वर्ग वजा करून मूळ काढले की सहा. दहातून सहा वजा करून निम्मे केले म्हणजे बाण दोन. मिळवले असते तर आठ आले असते, आणि तेही चूक नाही, कारण तो त्याच ज्येच्या पलीकडील मोठ्या खंडाचा बाण आहे. भरतक्षेत्र हे द्वीपाच्या कडेचे लहान खंड असल्यामुळे तेथे वजाबाकी घ्यावी लागते. ज्या, बाण आणि व्यास यांचे नियम महावीराचार्यांच्या क्षेत्रगणितातही आहेत.

व्याजाच्या चोपडीत हेच सूत्र

महावीराचार्य व्यवहाराला विसरले नाहीत. मिश्रक व्यवहारात त्यांनी मुद्दल, व्याज, मुदत आणि दर यांचे नाना प्रकारचे हिशेब दिले. त्यांतील एक प्रकार व्यापारी माणसाला विशेष भावेल. मुद्दल आणि महिने यांची बेरीज माहीत आहे, मिळालेले व्याज माहीत आहे आणि दर माहीत आहे. तर मुद्दल किती आणि महिने किती हे वेगळे करून सांगा.

समजा दर दरमहा शेकडा एक, व्याज आठ आणि मुद्दल व महिने यांची बेरीज नव्वद आहे. नव्वदचा वर्ग ८१००. त्यातून शंभर, आठ आणि चार यांचा गुणाकार ३२०० वजा केला की ४९०० उरतात. त्याचे मूळ सत्तर. मग आचार्यांनी सांगितलेले संक्रमण करावे, म्हणजे नव्वद आणि सत्तर यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे निम्मे काढावे. ऐंशी आणि दहा मिळतात. मुद्दल ऐंशी, मुदत दहा महिने.

पण मुद्दल दहा आणि मुदत ऐंशी महिने धरली तरी व्याज आठच येते! एका धनकोने ऐंशी रुपये दहा महिने दिले आणि दुसऱ्याने दहा रुपये ऐंशी महिने दिले, तर व्याजाच्या रकान्यात दोघांचाही आकडा सारखाच. केवळ त्या आकड्यावरून कोणाचा व्यवहार कोणता हे कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही. त्यासाठी रकमेची किंवा मुदतीची आणखी एक नोंद लागते. हिशेब ठेवताना केवळ शेवटचा आकडा न लिहिता मूळ नोंदी का जपाव्यात, याचे इतके स्वच्छ कारण दुसरे मिळणार नाही.

जे नाही ते नाही म्हणण्याचे धैर्य

महावीराचार्यांचे सर्वांत प्रसिद्ध विधान संज्ञाधिकारात आहे. धन संख्येचा वर्ग धन असतो आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच असतो. त्या वर्गाची मुळे धन आणि ऋण अशी दोन प्रकारची होतात. परंतु ऋण संख्या ही स्वभावतःच कोणाचा वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नसते, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. ऋण संख्येच्या वर्गमुळाचा प्रश्न इतक्या स्पष्टपणे मांडून त्याला कारणासह उत्तर देणारे उपलब्ध वाङ्मयातील हे अगदी आरंभीचे विधान म्हणून ओळखले जाते.

काही उत्साही लेखक यावरून महावीराचार्यांनी काल्पनिक संख्यांचा शोध लावला असे लिहितात. ते बरोबर नाही. त्यांनी अशा मुळाचा निषेध केला, स्वीकार नव्हे. अशा संख्यांचा उपयोग करण्याची वाट इटलीतील कार्दानो याच्या १५४५च्या आणि बोंबेली याच्या १५७२च्या ग्रंथांतून खुली झाली. पण म्हणून आचार्यांचे मोठेपण उणावत नाही. ज्या संख्याविश्वात ते गणित करीत होते त्या विश्वापुरते त्यांचे विधान आजही तंतोतंत खरे आहे. शिष्याला खोटी आशा न लावता येथे उत्तर नाही असे सांगणे आणि ते का नाही हेही सांगणे, ही सत्यव्रती गुरूची खूण होय.

त्यांच्या मर्यादाही प्रांजळपणे नमूद करणे हे त्यांच्याच शिकवणीला धरून होईल. एखाद्या संख्येला शून्याने भागले असता ती संख्या तशीच राहते असे त्यांनी लिहिले, ते आजच्या गणिताला मान्य नाही. आयतवृत्ताच्या, म्हणजे लंबवर्तुळाच्या, परिघाचा विचार त्यांनी केला तो विशेष उल्लेखनीय आहे, मात्र त्यांचा नियम स्थूल मानाचा आहे आणि क्षेत्रफळाचा नियम तर बरोबर नाही. शून्याने गुणण्याची क्रिया उलट फिरवता येत नाही, ही गोष्ट जगाला पुरती उमगायला पुढे बराच काळ जावा लागला. थोर पुरुषाचा गौरव करण्यासाठी त्याची चूक झाकण्याची गरज नसते.

ग्रंथाचा पुढील प्रवास

महावीराचार्यांच्या पश्चात त्यांचा ग्रंथ दक्षिणेत दीर्घकाळ अभ्यासला गेला. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनाने तो तेलुगूत उतरवला. बाराव्या शतकात राजादित्य या जैन गणितज्ञाने कन्नडमध्ये गणिताची ग्रंथरचना केली. त्याच शतकात, इ. स. ११५०च्या सुमारास, भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात वानरांच्या टोळीचे उदाहरण दिले. टोळीच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग वनात खेळतो आणि बारा वानर टेकडीवर आहेत. तेथेही अठ्ठेचाळीस आणि सोळा अशी दोन्ही उत्तरे स्वीकारलेली आहेत. प्रश्नाचा साचा तीनशे वर्षांपूर्वीच्या महावीराचार्यांच्या उदाहरणांशी किती जुळतो हे सहज दिसते.

पुढे मात्र हा ग्रंथ ताडपत्रांच्या गाठोड्यांत बंदिस्त राहिला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी निरनिराळ्या हस्तलिखितांवरून तो संपादित केला. त्यात मूडबिद्रीच्या जैन ग्रंथभांडारातील प्रतीचेही साहाय्य झाले. इंग्रजी अनुवादासह हा ग्रंथ १९१२ मध्ये मद्रास सरकारने प्रसिद्ध केला. त्यापूर्वीच १९०८ मध्ये रोम येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत अमेरिकन विद्वान डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी या ग्रंथाची ओळख पाश्चात्त्य गणितज्ञांना करून दिली होती.

या प्रवासात महाराष्ट्राचाही वाटा आहे, आणि तो आपल्या समाजाला अभिमान वाटावा असा आहे. गणिताचे प्राध्यापक लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेला हिंदी अनुवाद १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रकाशित केला. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती धर्म व साहित्य यांच्या सेवेसाठी अर्पण केली, त्या दानातून ही ग्रंथमाला उभी राहिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांनी तिचे संपादकत्व सांभाळले. पुढे २००० साली होंबुज जैन मठाच्या वतीने डॉ. पद्मावतम्मा यांची कन्नड व इंग्रजी अनुवादांसह नवी आवृत्ती निघाली. एका भांडाराने प्रत जपली, एका दात्याने धन दिले, एका अभ्यासकाने श्रम केले, तेव्हा कोठे नवव्या शतकातील आचार्यांचा शब्द आपल्यापर्यंत पोहोचला. शास्त्रदानाला आपल्या परंपरेत इतके महत्त्व का, हे यावरून कळते.

समारोप

महावीराचार्यांनी राज्य जिंकले नाही, मंदिर बांधले नाही, स्वतःचे नाव शिळेवर कोरले नाही. त्यांनी शिष्यांच्या हाती एक शिस्त दिली. उत्तर समोर असताना मुळापर्यंत जायचे, जाताना एक वाट आहे की दोन हे तपासायचे, दोन असतील तर दोन्ही सांगायच्या, प्रश्नाला न शोभणारी असेल तर कारण पाहून सोडायची, आणि वाटच नसेल तर नाही म्हणायचे. वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावे असे शिकवणाऱ्या अनेकांतवादाच्या परंपरेत वाढलेल्या या आचार्यांच्या गणितात ही शिस्त सहजपणे उतरलेली दिसते.

सार्वजनिक संस्थेच्या कारभारालाही ही शिस्त तितकीच लागू पडते. जमाखर्चाचा शेवटचा आकडा जुळला म्हणजे सारे जुळले असे नव्हे. तो आकडा कोणत्या नोंदींतून आला हे मागे जाऊन दाखवता आले पाहिजे. आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना, साडेअकराशे वर्षांपूर्वी मोजमापालाही सत्याचे व्रत मानणाऱ्या या आचार्यांचे स्मरण सर्वांना मार्गदर्शक ठरो. आपल्या गावोगावच्या मंदिरांतील ग्रंथभांडारे जपली जावोत आणि आपल्या घरातील मुलामुलींनी शाळेत वर्गसमीकरण सोडवताना महावीराचार्यांचे नाव आवर्जून ऐकावे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.

गणितसारसंग्रहकार महावीराचार्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!